कुत्र्यासकट घर: ठाणे-नवी मुंबईत बेघर माणसाला छप्पर मिळायचं तर काय काय लागतं

"आधी त्या कुत्र्याचं काहीतरी कर, मग तुझ्या राहण्याचं बघू." रस्त्यावर राहणाऱ्या आणि सोबत कुत्रा असलेल्या माणसाला हे सगळेच ऐकवतात. पोलीस ऐकवतात, खोली दाखवणारा एजंट ऐकवतो, आणि ज्यांना खरोखर कळकळ आहे असे कार्यकर्तेही ऐकवतात. मला हा सल्ला साफ चुकीचा वाटतो. बहुतेक वेळा तो मानलाच जात नाही, आणि मानला गेला तर माणूस आणखी खचतो. कुत्रा न सोडता घरापर्यंत पोचायचा रस्ता आहे. तो लांब आहे, पण त्याचे टप्पे ठरलेले आहेत. कोणता कागद आधी करायचा, कायदा कुठपर्यंत साथ देतो आणि कुठे देत नाही, हे नीट माहीत असेल तर अर्धी दमछाक वाचते.

आधी बेघर कोणाला म्हणायचं ते बघू. जनगणनेच्या व्याख्येत उघड्यावर, फुटपाथवर, मोठ्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा रेल्वेच्या फलाटावर राहणारे लोक येतात. २०११ साली त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली, कारण दिवसा हे लोक कामावर असतात आणि सापडत नाहीत. देशभरात १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात २ लाखांवर बेघर त्या रात्री नोंदले गेले. ठाण्यात तीन हात नाक्याच्या किंवा माजिवड्याच्या पुलाखाली, नवी मुंबईत सायन-पनवेल हायवेच्या पुलांखाली आणि वाशीच्या मार्केटभोवती झोपणारी माणसं ही अशीच. त्यातले बरेच जण हमाली करतात, नाक्यावर उभे राहतात, केटररकडे भांडी घासतात. मिळकत आहे, पण डिपॉझिटपुरती रक्कम एकदम हातात कधी येत नाही.

घर जाण्याच्या आणखीही वाटा आहेत. ठाण्यात दर पावसाळ्याआधी महापालिका अतिधोकादायक म्हणजे सी-१ इमारतींची यादी काढते आणि त्या रिकाम्या करून घेते. नवी मुंबईत दिघ्याच्या ९९ बेकायदा इमारतींचं प्रकरण तर सगळ्यांना आठवत असेल. अशा वेळी सामान टेम्पोत चढतं, मुलं गावाला जातात, आणि घरातला कुत्रा कुठे जाणार हा प्रश्न शेवटी उरतो. पुढे जे लिहिलं आहे त्यातलं बरंच या कुटुंबांच्याही कामाचं आहे.

माणूस कुत्रा सोडत का नाही

उघड्यावर झोपणाऱ्या माणसाची खरी भीती रात्रीची असते. उशाखालची पिशवी, त्यातला मोबाईल, हमालीचे पैसे, आणि बाई असेल तर याहून बरंच काही. कुत्रा जवळ असेल तर निदान तीन-चार तास सलग झोप लागते. सकाळी उठून त्याला काही खायला घालायचं असतं, म्हणून माणूस दारूच्या गुत्त्यावर न जाता आधी चहाच्या टपरीवर जातो. नातेवाइकांनी फोन घेणं बंद केलेलं असतं, आणि त्याच्या येण्याची वाट बघणारा एकच जीव उरलेला असतो.

याची दुसरी बाजू कठीण आहे. पाय सडत आलेला असतानाही कळव्याच्या हॉस्पिटलात दाखल व्हायला नकार देणारे एक काका मला माहीत आहेत. "शेरूला कोण बघणार?" एवढंच ते विचारत होते. त्या प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच नव्हतं, म्हणून ते दाखल होत नव्हते. शेवटी टपरीवाल्या दादांनी शेरूला आठवडाभर सांभाळायचं कबूल केलं, तेव्हा काका ॲडमिट झाले. उपचार, निवारा, नोकरी, काहीही द्यायचं असलं तरी पहिलं उत्तर कुत्र्याचं द्यावं लागतं. ज्यांना या माणसांसाठी काम करायचं आहे त्यांनी इथूनच सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

निवारा: काय आहे आणि काय नाही

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मोठ्या शहरांसाठी दंडक घालून दिला: एक लाख लोकसंख्येमागे बेघरांसाठी किमान एक निवारा, तोही वर्षभर आणि चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांवर होती, नवी मुंबईची ११ लाखांवर. तो जुना आकडा धरला तरी ठाण्यात अठरा आणि नवी मुंबईत अकरा निवारे हवेत. पुढे २०१३ साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियान आलं आणि निवारे कसे असावेत याचे नियम ठरले: माणशी साधारण ५० चौरस फूट जागा, पाणी, संडास, स्वयंपाकाची सोय, पुरुषांचे, स्त्रियांचे आणि कुटुंबांचे निवारे वेगळे.

या आखणीत जनावराची सोय धरलेली नाही. निवाऱ्याचा व्यवस्थापक कुत्र्याला दारातून परत पाठवतो तेव्हा तो दुष्टपणा करत नसतो. एका खोलीत वीस माणसं झोपतात, त्यात कोणाला दमा असतो, कोणाला कुत्रा चावल्याची जुनी भीती असते. पण उपाय फार मोठा नाही. मागच्या बाजूला पत्र्याची शेड, तीन-चार पिंजरे, पाण्याचा नळ, आणि आत घेण्याआधी रेबीजची लस, एवढ्यावर हे भागतं. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने २०१९ साली नेमका यासाठी, म्हणजे निवाऱ्यांत पाळीव प्राण्यांची जागा, खाणं आणि डॉक्टर यासाठी, अंदाजपत्रकात ५० लाख डॉलर ठेवले. ब्रिटनमधली डॉग्ज ट्रस्ट ही संस्था बेघर माणसांच्या कुत्र्यांच्या उपचारांचा खर्च उचलते. आपल्याकडे हे करायला महापालिकेला नवा कायदा लागत नाही. निवारा चालवणाऱ्या संस्थेने आणि प्रभागातल्या नगरसेवकाने मनावर घेतलं तरी सुरुवात होते.

तोपर्यंत निवाऱ्याचा एक उपयोग कुत्रेवाल्या माणसालाही करून घेता येतो, आणि तो कागदाचा आहे.

कागद: आधी कुत्र्याचे

माणसाचा प्रत्येक कागद पत्ता मागतो. पत्ता मिळायला खोली लागते, आणि खोली मिळायला कागद. या फेऱ्यात लोक वर्षानुवर्षं अडकतात. पण एक कागद असा आहे ज्याला पत्त्याची फिकीर नाही: कुत्र्याच्या लसीचं कार्ड. म्हणून मी सांगेन, सुरुवात तिथून करा.

प्राण्यांच्या कुठल्याही डॉक्टरकडे कुत्र्याला रेबीजची लस मिळते. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात ती स्वस्तात पडते, आणि ठाण्यात प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थांकडेही चौकशी करावी. मोठं दुखणं असेल तर ठाणेकर पूर्वापार परळ गाठतात, तिथलं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट हॉस्पिटल, ज्याला आपण सगळे बैलघोडा हॉस्पिटल म्हणतो. लस टोचली की डॉक्टर कुपीवरचं छोटं लेबल सोलून कार्डावर चिकटवतात, त्यावर तारीख घालतात, सही-शिक्का मारतात आणि शेजारच्या रकान्यात पुढची तारीख लिहितात. ते लेबल महत्त्वाचं. हाताने लिहिलेल्या ओळीवर खोलीमालक विश्वास ठेवेलच असं नाही, लेबलावर ठेवतो. कार्डावर मालकाचं नाव आणि मोबाईल नंबर घालून घ्या. "मालक: रस्ता" असं कोणी लिहायला लागलं तर थांबवा.

त्याच फेरीत नसबंदीचं विचारून घ्या. नसबंदी झालेला कुत्रा भटकत कमी फिरतो, भांडणं कमी करतो, आणि मालकाशी बोलताना हा एक मुद्दा दहा मुद्द्यांचं काम करतो. कुत्र्याच्या कानाला खाच असेल तर महापालिकेच्या मोहिमेत त्याची नसबंदी आधीच झालेली असते. आपल्याकडे पाऊस, तुंबलेलं पाणी आणि उंदीर हे त्रिकूट असल्यामुळे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या रोगाची) लसही कुत्र्याला द्यावी. एका खोलीत माणूस आणि कुत्रा एकत्र राहणार असतील तर ती दोघांसाठीही बरी.

मग पट्टा. प्लॅस्टिकची सुतळी नको, तिने मानेचे केस झडतात आणि कुत्रा बेवारशी दिसतो. चांगला रुंद पट्टा, त्याला बिल्ला, बिल्ल्यावर फोन नंबर. हे आता फार निकडीचं झालं आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, हॉस्पिटलं, बस डेपो आणि रेल्वे स्टेशनांच्या आवारातली भटकी कुत्री उचलून, नसबंदी-लसीकरण करून आश्रयस्थानात ठेवायचा आदेश दिला, आणि ती त्याच जागी परत सोडायची नाहीत असंही सांगितलं. स्टेशनाबाहेर झोपणाऱ्या माणसाच्या कुशीतला कुत्रा कुत्री उचलणाऱ्या गाडीवाल्यांना भटकाच दिसणार. पट्टा, लसीचं कार्ड आणि मोबाईलमध्ये दोघांचे एकत्र, वेगवेगळ्या दिवशी काढलेले फोटो, हा तो कुत्रा तुमचा असल्याचा पुरावा. कार्डाचाही फोटो काढून ओळखीच्या माणसाला पाठवून ठेवा. पिशवी चोरीला गेली तरी पुरावा राहतो.

आता माणसाचे कागद. आधारसाठी मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या प्रमुखाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं. निवाऱ्याशी संबंध ठेवायचा तो यासाठी. तिथे झोपायला जात नसाल तरी तिथल्या कार्यकर्त्यांना भेटत राहा, दुपारच्या जेवणाला जा, नाव नोंदवा, आणि प्रमाणपत्राचं स्पष्ट विचारा. आमदार, खासदार किंवा नगरसेवकाचं त्याच नमुन्यातलं प्रमाणपत्रही चालतं. मतदार यादीत नाव घालायला तर बेघर माणसाला पत्त्याचा कागद लागतच नाही: सहा नंबरचा फॉर्म भरला की मतदान केंद्राचा अधिकारी रात्री त्या जागी येऊन माणूस खरोखर तिथे झोपतो का ते बघतो. हा नियम फार कमी लोकांना माहीत आहे. आधार आलं की शून्य शिलकीचं बँक खातं, आणि खातं आलं की डिपॉझिट साठवायला जागा.

सोसायटी वेगळी, घरमालक वेगळा

इथे सगळ्यांत जास्त गोंधळ असतो.

सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ च्या परिपत्रकात हे स्वच्छ लिहिलं आहे. सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी नाही, भुंकतो म्हणून नाही, मोठा आहे म्हणून नाही, आणि लिफ्टमध्ये नेऊ नका असंही म्हणता येत नाही. सोसायटी फक्त एवढंच सांगू शकते की पट्टा लावा, घाण उचला, इतरांना त्रास होऊ देऊ नका. राज्यघटनेच्या ५१-अ कलमात प्राणिमात्रांबद्दल दयाभाव हे नागरिकाचं कर्तव्य म्हटलं आहे, त्याचाही आधार दिला जातो.

पण हे संरक्षण घरात राहायला आल्यानंतरचं आहे. घरमालक खोली कोणाला द्यायची हे ठरवायला मोकळा असतो. "कुत्रा असेल तर देणार नाही" असं तो म्हणाला तर ते परिपत्रक त्याच्या तोंडावर धरून काही होत नाही. खोली मालकाच्या मनातूनच मिळवावी लागते.

म्हणून घोडबंदर रोडच्या टॉवरांत शोधण्यात वेळ घालवू नका. ठाण्यात लोकमान्यनगर, विटावा, खारेगाव, दिवा, आणि नवी मुंबईत घणसोली, गोठिवली, तळवली, कोपरखैरणे गाव असे गावठाणाचे आणि चाळींचे भाग बघा. गावठाणात मालक बहुधा त्याच घरात तळमजल्यावर राहतो, आगरी-कोळी घरांत दारात कुत्रं असणं नवीन नसतं, आणि निर्णय बऱ्याचदा मालकीणबाई घेतात. तेव्हा बोलायचं त्यांच्याशी. "मावशी, माझा एक कुत्रा आहे, चार वर्षांचा, नसबंदी झालेली, हे लसीचं कार्ड" असं पहिल्याच भेटीत सांगून टाकावं. लपवून नेलेला कुत्रा दुसऱ्याच दिवशी भुंकतो, आणि मग खोलीही जाते आणि शब्दही जातो. त्यांना तीनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: चावतो का, भुंकतो का, घाण करतो का. संध्याकाळी भरपूर फिरवून, पोट भरून, दमलेल्या कुत्र्याला भेटायला न्यावं. आठ-दहा मिनिटं तो दाराशी शांत बसला की काम निम्मं झालं. ज्या टपरीवाल्याच्या किंवा दुकानदाराच्या शेजारी तुम्ही वर्षभर झोपलात, त्याचा फोन नंबर द्यावा. त्याचा एक शब्द एजंटाच्या शंभर शब्दांना भारी पडतो.

तळमजल्याची, दार थेट बाहेर उघडणारी खोली घ्या, थोडी अंधारी असली तरी. जिन्यावरून जाणारा प्रत्येक पाय कुत्र्याला परका वाटतो.

करार नोंदवूनच

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या ५५ व्या कलमाप्रमाणे भाड्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदवलेला नसेल आणि पुढे वाद झाला, तर मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. हे मालकालाही सांगावं, कारण नोंदणी त्याच्याही फायद्याची आहे. स्टॅम्पपेपरवर नोटरी केली म्हणजे करार नोंदवला असं होत नाही. एजंट मात्र सर्रास तसं सांगतात.

खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. समजा भाडं महिना ६,००० आणि डिपॉझिट ३०,०००. अकरा महिन्यांचं भाडं ६६,००० झालं. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरलं तर अकरा महिन्यांचे २,७५०. एकूण ६८,७५० वर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे दोनशेच्या आत-बाहेर, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. वर एजंटाचे पैसे. दोघांचं आधार आणि अंगठ्याचा ठसा असेल तर हे ऑनलाइन होतं. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायची असते, ती कराराबरोबरच देऊन टाकावी.

करारात कुत्र्याचं कलम घालायला विसरू नका. छापील नमुन्यात बऱ्याचदा "पाळीव प्राणी ठेवू नयेत" अशी ओळ असते आणि कोणी वाचत नाही. ती काढून असं काहीतरी लिहा: "भाडेकरूकडे लस व नसबंदी झालेला एक कुत्रा आहे याची मालकास कल्पना असून त्यास हरकत नाही. कुत्र्यामुळे खोलीचं नुकसान झाल्यास ते अनामत रकमेतून वळतं करून घेता येईल." दुसरं वाक्य वाचूनच मालक पहिल्या वाक्याला तयार होतो.

करार हातात आला की त्यावरचा पत्ता वापरून महापालिकेकडून कुत्र्याचा परवाना काढा. लसीचं कार्ड आधीच तयार असल्यामुळे हे काम फार अडत नाही.

खोलीतले पहिले दिवस

खोली जाते ती बहुतेकदा याच काळात, म्हणून इथे घाई नको. कित्येक वर्षं उघड्यावर काढलेल्या कुत्र्याला चार भिंती म्हणजे पिंजरा वाटतो. तो दार ओरबाडतो, रात्री पंख्याच्या आवाजाने उठतो, आणि सगळ्यांत मुख्य म्हणजे एकटा राहत नाही. आजवर तो मालकापासून दहा पावलांवर झोपलेला असतो. मालक सिक्युरिटीच्या बारा तासांच्या ड्युटीवर गेला की तो रडायला लागतो, आणि शेजारी तक्रार करतात.

शक्य असेल तर कामातून दोन-तीन दिवस काढा. पहिल्या दिवशी दार लोटून दोन मिनिटांत परत या, मग पाच मिनिटांनी, मग अर्ध्या तासाने. तो रडत असताना दार उघडू नका, क्षणभर गप्प झाला की उघडा. जाताना लाडाचा निरोप नको, आल्यावर धिंगाणा नको. अंगावरचा जुना शर्ट त्याच्या गोणपाटावर टाकून जा, वासाने त्याला धीर येतो. शी-शू तो बहुधा आत करणार नाही, उघड्यावरच्या कुत्र्यांना झोपायच्या जागी घाण करायची सवय नसते, पण त्यामुळेच सकाळ-संध्याकाळ वेळेवर बाहेर न्यावंच लागतं. सोबत जुना पेपर ठेवा आणि गल्लीत केलेलं उचला, सगळ्यांच्या देखत उचला. मटणाच्या दुकानातली हाडं शिजवून घालू नका, शिजलेलं हाड फुटून आतड्यात टोचतं. भात, अंडं, थोडं चिकन पुरतं. गोचिडांचं औषध खोलीत शिरण्याआधीच लावून घ्या.

माणसाचंही बघायला हवं. बऱ्याच जणांना सुरुवातीला छपराखाली झोपच येत नाही, ते कुत्र्याला घेऊन परत पुलाखाली जाऊन झोपतात. ते अपयश नव्हे, आणि मदत करणाऱ्यांनी चिडू नये. खोलीचं भाडं भरलेलं राहू द्या, हळूहळू सवय होते.

करार संपायला महिना उरला की नूतनीकरणाचं स्वतःहून काढा. मुदत संपल्यावर करार न वाढवता राहिलात तर कायद्याने दुप्पट भाडं मागता येतं. मालकिणीकडे जाताना लसीचं कार्ड घेऊन जा, त्यावर त्या वर्षीचं लेबल चिकटलेलं हवं. म्हणून लसीची वार्षिक तारीख आणि कराराची मुदत जवळपास आणून ठेवलेली बरी, दोन्ही एकाच फेरीत लक्षात राहतात.